टिपूस आणि तेलोबा

नळताईचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. वस्तीत तिला सगळे नळताईच म्हणत. तीन इमारती, मधे फरसबंद अंगण, अंगणात कपडे वाळत घालायच्या तारा, आणि तळमजल्यावर कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत ती आणि तिचे बाबा. या तिन्ही इमारतींचे पाइप बाबांनी घातलेले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी पान्यांची पेटी लेकीकडे सरकवली. सुरुवातीला दार उघडणारी माणसं तिच्या खांद्यावरून मागे बघत, खरा प्लंबर कुठे राहिला म्हणून. ते बघणं हळूहळू बंद झालं. आता नळ ठिबकला की तिलाच हाक जाई, आणि नळ ठिबकत नसला तरी जिन्यात गाठून लोक तिला विचारत की आमचा गिझर रात्री कण्हल्यासारखा आवाज करतो, ते बरं आहे का.

तिला एक खोड होती. नुसतं दुरुस्त करून निघून जाणं तिला जमत नसे. काय बिघडलं, का बिघडलं, हे समजावून सांगितल्याशिवाय तिचा पाय घराबाहेर पडत नसे. मग फरशीवर, टाइल्सवर, कधी सिंकखालच्या कपाटाच्या दारावर ती पेन्सिलीने चित्र काढी: हा पाइप, हे वळण, इथे अडतंय. माणसं "हो का, हो का" करत मोबाइलकडे बघत. ती गेली की ओल्या फडक्याने चित्र पुसत.

त्या वर्षी मधल्या इमारतीच्या स्वयंपाकघरांचा सामाईक पाइप सारखा तुंबू लागला. कारण उघड होतं. तळणाचं उरलेलं तेल लोक बिनदिक्कत सिंकमध्ये ओतत. आत गेलं की ते थिजे, त्यावर भाताची शितं बसत, शितांवर चहाची पावडर, आणि बघता बघता पाइपाचा गळा आवळला जाई. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात सूचना लावली. सूचनेची सुरुवात "कृपया" अशी होती, आणि "कृपया"च्या पुढे कोणी वाचलं असेल असं वाटत नाही, कारण तेल ओतणं जसंच्या तसं चालू होतं.

पाइप पुन्हा तुंबला तेव्हा नळताईने तळमजल्यावरचं झाकण उघडलं, तार घातली, आणि वळणातून एक भला मोठा पांढुरका गोळा ओढून काढला. तो हातमोज्यावर घेऊन ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला चक्क तोंड होतं. सुटलेलं पोट, एक डोळा अर्धा मिटलेला, आणि इतका ऐसपैस पसरलेला की घरजावयानेही लाजावं. तिला एकटीलाच हसू फुटलं. "तू तेलोबा," ती त्याला म्हणाली, आणि त्याला पिशवीत घालायच्या आधी तिने झाकणाशेजारीच फरशीवर त्याचं चित्र काढून घेतलं.

घरी येऊन तिने हात धुतले आणि सरळ कागद घेऊन बसली. एका कागदाची आठ पानांची पुस्तिका कशी करायची हे तिला शाळेपासून येत होतं. कागद तीनदा दुमडायचा, मधे एकच काप द्यायचा, आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलली की चिमुकलं पुस्तक उभं राहतं. पहिल्या पानावर तिने एक टिपूस काढला. पाण्याचा थेंब, डोक्यावर रबरी वॉशरची टोपी, हातात प्रवासाची पिशवी. त्याला समुद्रावर जायचं असतं, उशीर झालेला असतो, आणि पाइपाच्या वळणाला तेलोबा पाठ टेकून पसरलेला असतो. "मी का हलू?" तेलोबा म्हणतो. "वरच्या प्रत्येक घरातून मला रोज खायला येतं." टिपूस ढकलतो, मागचे थेंब ढकलतात, कोणी हलत नाही. शेवटच्या पानावर टिपूस वर मान करून ओरडतो, "वर कोणी आहे का हो?"

आणि तिथे कागद संपला. पुढे काय होतं ते तिने ठरवलेलंच नव्हतं.

बाबांनी पुस्तिका लांब धरून पाहिली. "प्लंबरने पाइप उघडावा," ते म्हणाले. "पाइपाला डोळे काढू नयेत."

तिने नाक्यावर जाऊन झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवून आधी स्वतः वाचली, मग एक प्रत जास्त काढून स्वतःसाठी ठेवली. तिने बसून सगळ्या दुमडल्या, कापल्या, आणि पुढच्या दिवशी पाइपाचं काम आहे असं सांगून मधल्या इमारतीतल्या प्रत्येक घरात सिंकशेजारी, भांडी घासायच्या साबणाला टेकवून एकेक उभी करून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढत होती तर तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी तिला कठड्यापाशीच अडवलं. काही गळत वगैरे नव्हतं. टिपूस सुटला की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर बॅटरी घेऊन स्वतःच्या सिंकमध्ये डोकावून पाहिलं होतं आणि आता ते कबूल करत नव्हते. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी पोटावर उशी बांधून तेलोबा-तेलोबा खेळायला सुरुवात केली होती. आणि गंमत म्हणजे घरोघरी सिंकशेजारी रिकामे डबे दिसू लागले. बायका त्यात तेल ओतत आणि ओतताना बजावत, "तेलोबा, आज उपास."

नळताईला काही सुचेनासं झालं, म्हणजे इतकं सुचू लागलं की बाकी काही सुचेना. सिंकखाली उताणी पडून काम करताना डोळ्यांसमोर पुढचं पान उभं राही. मग पाना तिथेच टाकून ती बाहेर सरपटे आणि हाताला लागेल त्या कागदावर दोन रेघा मारून पुन्हा आत जाई. चहा गार होई. एकदा तिने एका घरात नवा नळ इतका तंद्रीत बसवला की गरम पाण्याचा दांडा थंडावर आणि थंडाचा गरमवर गेला, आणि त्या बिचाऱ्यांनी पुढचा अंक आणून देण्याच्या बोलीवर तिला माफ केलं.

दुसऱ्या अंकात टिपूस सुटला. पुढच्या अंकांत वरून येणारं तेल आटलं आणि तेलोबा रोडावत गेला. इतका रोडावला की लोकांच्या जिवाला लागलं. त्याला संपवू नकोस अशी विनंती तीन मजल्यांवरून आली. शेवटी तिने तेलोबाला पाइपातून काढलं आणि खिडकीतल्या एका पत्र्याच्या डब्यात बसवलं. तिथे तो ऊन खात पेन्शनरासारखा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चौकशा करू लागला.

बाबा रोज म्हणत की हे सगळं पोरकट आहे, आणि प्रत्येक नवा अंक सगळ्यांच्या आधी मागून घेत. "पहिल्या मजल्यावर कॉक खाली आहे," ते चष्मा सावरत म्हणत. "तू वर काढलायस." ती खोडून खाली काढी. मग थोड्या वेळाने, "आणि हा टिपूस टाकीत चढला कसा? पंप कुठाय?" तिने पंप काढला. बाबांना तो पंपाऐवजी बदक वाटला, म्हणून त्यांनी तिच्याकडून पेन्सिल घेतली आणि स्वतः दुरुस्त केला.

तेलोबाची सोय लागल्यावर टिपसाला नवा प्रवास हवा होता. नळताईने त्याला घराघरांतून फिरवायला सुरुवात केली, आणि तिथे ती अडकली. एका अंकात टिपूस सकाळी चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या नळात बसलेला असतो. अंघोळ करता करता कोणी एक गायला लागतो. सूर असा काही लागतो की टिपूस "वाचवा" म्हणून नळातून उडी टाकतो. गाणाऱ्याचा चेहरा तिने काढला नव्हता. फक्त पाठमोरं टक्कल आणि खांद्यावर टॉवेल. पण रोज सकाळी चौथ्या मजल्यावरून सगळ्या इमारतीला कोण जागं करतं हे सगळ्यांना पाठ होतं. बँकेत कॅशियर असलेले काका. जिन्यात हशा पिकला. काका कामावर जाताना कोणीतरी मागून तशीच एक तान घेतली. नळताईही हसली, त्यात तिला वावगं काही वाटलं नाही.

मग एके दिवशी कॅशियरकाकूंचा निरोप आला, येऊन जा. ती पेटी घेऊनच गेली.

"काय गळतंय, काकू?"

"काही नाही. उभी राहा आणि ऐक."

नळताईने कान दिले. बाथरूमचं दार लावलेलं होतं. आत बादली भरत होती. तांब्या बुडाल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज.

"काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.

"तेच." काकूंनी पदराने हात पुसले. "तुझं ते पुस्तक आलं तेव्हापासून हे असं आहे. त्यांचा गळा गोड आहे असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. पण लग्न झाल्यापासून माझी सकाळ त्या बेसूर गाण्याने उजाडते. आता नुसतं पाणी ऐकते. वाटतं, आत कोणी नाहीच."

नळताईने पेटी खाली ठेवली. तेवढ्यात काका बाहेर आले, शर्टाची बटणं लावत. तिला बघून ते हसले, बस म्हणाले, चहा घेऊन जा म्हणाले. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली की काका, माझं चुकलं, मी तुमची थट्टा करायला नको होती.

"छे गं," काका म्हणाले. "टक्कल अगदी हुबेहूब आलंय."

ते रागावले असते तरी तिला इतकं लागलं नसतं. पेटीच्या वरच्या कप्प्यात दुमडून कापलेला एक कोरा कागद होता, पुढच्या अंकासाठीचा. तो तिने त्यांच्यापुढे धरला.

"माझी बाजू मी काढली, काका. तुमची तुम्ही काढा."

"मला चित्र कुठलं येतं? आयुष्यभर मी फक्त सही काढली."

पण त्यांनी तो कागद घेतला, नोट तपासावी तसा उजेडाकडे धरून पाहिला, आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

पुढचे काही दिवस नळताईने काहीच काढलं नाही. लोक विचारत, ती वेळ मारून नेई. चौथ्या मजल्यावरून नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली. काका बँकेतून थेट आले होते, डब्याची पिशवी अजून हातात. "झालंय," ते म्हणाले, आणि पुस्तिका तिच्या हातात देऊन दारातच उभे राहिले, निकाल ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे.

पुस्तिकेचं नाव होतं "टिपसाची साक्ष". चित्रं भयंकर होती. माणसं काडेपेटीतल्या काड्यांसारखी, नळ बगळ्यासारखा, टिपूस बटाट्यासारखा. पण अक्षर कॅशियरचं होतं, एकेक मोत्यासारखं, आणि बाथरूममध्ये कोर्ट भरलेलं होतं. न्यायाधीश बादली. साबण आरोपी म्हणून हजर करायचा होता, पण तो हातातून निसटून फरार. टिपूस साक्षीला उभा राहतो. सरकारी वकील तांब्या त्याला दरडावून विचारतो, तू घाबरून उडी मारलीस की नाही? टिपूस म्हणतो, "नाही महाराज, गाणं इतकं रंगलं की मी दाद द्यायला खाली उतरलो." मग विरुद्ध बाजूची साक्षीदार येते. पायात हे मोठाले बूट, कानांत नळाला गुंडाळायच्या पांढऱ्या टेपचे बोळे, आणि तोंड प्रत्येक चित्रात उघडं. तिच्या तोंडून निघालेल्या फुग्यात इतका बारीक मजकूर की तो कुणालाच वाचता येत नाही, आणि कोर्ट झोपी जातं. शेवटच्या पानावर बादली शिक्षा सुनावते: नळताईने संपूर्ण गाणं उभं राहून ऐकावं, आणि मधे बोलू नये.

नळताई इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. बाबांनी पुस्तिका ओढून घेतली, वाचली, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ठसका ओसरल्यावर ते काकांना म्हणाले, "बादलीचे कान मात्र बरोबर जागी आहेत." काकांनी हे सगळ्यात मोठं कौतुक मानलं, आणि ते होतंच.

नळताईने "टिपसाची साक्ष" स्वतः झेरॉक्स करून आणली आणि स्वतः घरोघरी सिंकशेजारी उभी केली. स्वतःचे बूट आणि स्वतःचं उघडं तोंड. जिन्यात या वेळचा हशा तिच्यावर होता, आणि तिला तो फार आवडला. त्यानंतरच्या सकाळी चौथ्या मजल्यावरून आवाज आला. आधी नुसतं गुणगुणणं, मग चाचपून एक ओळ, मग पूर्ण गळा सुटला. तिसऱ्या मजल्यावरून शिक्षिकाबाईंनी खिडकीतून वाहवा दिली. बक्षीस म्हणून तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं.

आणि मग बांधच फुटला. ज्यांना चित्रं काढता येत नव्हती अशा सगळ्यांच्या लक्षात आलं की काकांनाही येत नाहीत. जो तो कागद दुमडू लागला. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मापं घेताना कोण पोट कसं आत ओढतं त्याची आठ पानं काढली. वॉचमनने त्याच्या फाटकाखालून येणाऱ्याजाणाऱ्या मांजरांची हजेरी चितारली. कॅशियरकाकूंनी एक पुस्तिका केली, तिच्या पहिल्या सात पानांवर बाथरूमचं तेच बंद दार होतं आणि आतून तोच प्रश्न, "अगं, टॉवेल कुठाय?" आठव्या पानावर टॉवेल खांद्यावर. काकांनी ती बँकेत नेऊन सगळ्यांना दाखवली.

आता सिंकशेजारी जागा पुरेना. म्हणून रविवारी सकाळी अंगणातल्या तारांवर चिमटे लावून सगळ्या पुस्तिका टांगायच्या असं नळताईने ठरवलं. आपली लावा, आवडेल ती काढून घ्या. सकाळी अंगण नुसतं फडफडत होतं. लोक मान वर करून तारांखालून फिरत होते, एकमेकांना धडकत होते, वाचता वाचता चहाचा कप कुठे ठेवला ते विसरत होते. रस्त्यापलीकडच्या इमारतीतली माणसंही आत आली आणि रिकाम्या हाताने आल्याबद्दल ओशाळली.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. तारा फक्त कपड्यांसाठी आहेत हे सांगायलाच ते आले होते. पण वाक्य सुरू करण्याआधी त्यांच्या नाकासमोर शिंप्याची पुस्तिका हलत होती, आणि त्यातलं तिसऱ्या पानावरचं पोट त्यांना ओळखीचं वाटलं. त्यांनी ती वाचली. मग शेजारची वाचली. मग ते तडक घरी गेले, आणि दुपारपर्यंत स्वतःची एक घेऊन परत आले. तिचा नायक होता "कृपया". एक दुबळा, भिडस्त शब्द, ज्याला प्रत्येक सूचनेत सगळ्यांच्या पुढे ढकलतात, आणि ज्याच्या तोंडावर लोक दार लावतात. नळताईने ती दोनदा वाचली. तिने स्वतःच्या हाताने ती मधल्या तारेवर लावली.

बाबा हे सगळं खिडकीतून बघत होते. बाहेर या म्हटलं तर गुडघ्यांवर खापर फोडत. पण त्यांच्या मांडीवर पालथी घातलेली एक पुस्तिका होती, आणि ती कॅशियरकाकांनी हेरली. त्यांनी सेक्रेटरींना हाक मारली. दोघांनी मिळून बाबांना खुर्चीसकट उचललं आणि अंगणाच्या मधोमध आणून ठेवलं. बाबांनी थोडी कुरकुर केली, पुस्तिका मात्र लगेच पुढे केली.

तीत एकही शब्द नव्हता आणि एकही माणूस नव्हता. नुसते पाइप, पट्टी लावून ओढलेले. गच्चीवरच्या टाकीपासून मधली इमारत मजल्यामजल्याने खाली उतरत होती, प्रत्येक सांधा, प्रत्येक वळण, भिंतीच्या आतलं, कोणी कधी न पाहिलेलं. आणि प्रत्येक पानावर कुठेतरी एक बारीकसा टिपूस लपलेला. तो शोधायला गर्दी झाली. मोठी माणसं पोरांची डोकी बाजूला सारून बोटं फिरवू लागली. इथे आहे, नाही तो सांधा आहे, अहो तो तुमच्या चहाचा डाग आहे.

शिक्षिकाबाईंचं बोट मधेच थांबलं. तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत, दोन पाइपांच्या मधे, एक लहानशी गोल वस्तू काढलेली होती.

"हे काय आहे हो?" त्यांनी बाबांना विचारलं.

"डबा," बाबा म्हणाले.

"कसला डबा?"

"माझा. जेवणाचा." सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाइप बसवून झाल्यावर त्यांनी डबा सावलीला म्हणून भिंतीच्या खाचेत ठेवला आणि खाली पाणी सोडायला गेले. परत आले तोवर गवंड्याने खाच बुजवून वर गिलावाही केला होता. बाबा त्या दिवशी उपाशी राहिले, आणि नवा कोरा डबा कुठे हरवलात म्हणून घरी बोलणी खाल्ली. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून चोरीला गेला म्हणाले. गवंड्याला सांगायचीही लाज वाटली, कारण ताजा गिलावा फार सुरेख झाला होता.

नळताई आ वासून ऐकत होती. ती याच माणसाबरोबर जन्मभर राहिली होती, आणि ही गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"म्हणजे तो अजून आत आहे?" तिने विचारलं.

"जाईल कुठे? चमच्यासकट आहे."

शिक्षिकाबाई केव्हाच जिन्याकडे धावल्या होत्या. त्यांच्या मागे शिंपी, शिंप्याच्या मागे वॉचमन, आणि हातातली पुस्तिका न सोडता सेक्रेटरी. अंगणातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याची खिडकी खाडकन उघडली आणि शिक्षिकाबाईंनी वरून सांगितलं की एका जागी भिंत पोकळ वाजतेय, हातोडी कुणाकडे आहे?

नळताई पेटी उचलून धावत सुटली. पाठीमागून बाबांचा आवाज आला, या वेळी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"जरा उजवीकडून ठोका! डावीकडे माझा पाइप आहे!"